हायड्रॉलिक यंत्रांची रोजची तपासणी : निघोज्यात काय पाहिले

(एका सभासदाकडून)



गाळप हंगाम तोंडावर आला आहे. टोळ्यांच्या गाड्या रस्त्याला लागतील, गव्हाणीत मोळी पडेल आणि मग चार-पाच महिने कुणालाच उसंत मिळणार नाही. या पानांवर आपण बेणे, खते, ठिबक, खोडव्याचे व्यवस्थापन याविषयी नेहमी वाचतो. या वेळी संपादकांनी मला तेलाविषयी लिहायला सांगितले. खाण्याच्या नव्हे, यंत्राच्या. कारण उघड आहे. गेल्या हंगामात माझ्या व माझ्या दोन चुलतभावांच्या भागीतल्या ऊसतोडणी यंत्राचे काय झाले, ते आपल्या गटात सर्वांना ठाऊक आहे. चावडीवर चेष्टाही पुष्कळ झाली. तेव्हा ज्याचे हात पोळले त्यानेच लिहावे, असे ठरले.

झाले ते थोडक्यात असे. पावसाच्या एका सरीत यंत्राच्या तेलटाकीवरचे हवेचे झाकण, ज्याला ब्रीदर म्हणतात, ते कुठेतरी पडले. टाकीत पाणी जाऊ नये म्हणून पोराने त्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, वर सुतळीचे चार वेढे. त्याचे चुकले असे तेव्हा कुणालाच वाटले नाही. मी स्वतः पाहिले आणि ‘शाब्बास’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी पंप किंचाळू लागला. डबीत खडे घालून हलवावेत तसा आवाज. आम्ही म्हटले, फड संपवू, मग बघू. फड संपला नाही. पंपच संपला.

यंत्राची कंपनी मी सांगत नाही, कारण चूक यंत्राची नव्हती. टाकीतले तेल वरखाली होते तसा हवेने आतबाहेर श्वास घ्यावा लागतो. ते तोंडच बंद केल्यावर पंपाला तेल ओढता येईना, तेलात पोकळ्या झाल्या आणि त्या पोकळ्या पंपाच्या पोटात फुटून पोलाद कुरतडले गेले. हे सगळे मला नंतर कळले. तेव्हा आम्ही एवढेच केले, की धावपळ करून नवा पंप आणला, बसवला, नारळ फोडला आणि यंत्र फडात घातले. अकराव्या दिवशी तो पंपही गेला! पहिल्या पंपाची जी लोखंडी कणी झाली होती ती तेलाबरोबर साऱ्या नळ्यांतून, मोटारींतून, टाकीच्या तळापर्यंत पसरली होती. ती आम्ही काढलीच नव्हती. नव्या पंपाने तीच गिळली.

दोन पंपांचा खर्च इथे लिहीत नाही. हा अंक घरीही वाचतात.

पण खर्चापेक्षा वाईट ते पुढे. यंत्राने तोडलेला ऊस तुकड्यांचा असतो, आणि तुकड्यांचा ऊस अख्ख्या उसापेक्षा लवकर खराब होतो, कारण प्रत्येक तुकड्याची दोन्ही तोंडे उघडी असतात. अर्धी भरलेली ट्रॉली फडात उभी, यंत्र बंद, कारखान्याची वाहने रिकामी परत. ज्यांचा ऊस त्या यंत्राच्या नावावर लावला होता त्या सभासदांना ऐन वेळी टोळी कुठून मिळणार? त्यातले दोघे मला अजून सरळ बोलत नाहीत. त्यांचे चुकते असेही नाही.

माझा भाचा निघोज्याला एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. आयटीआय केलेला, शांत मुलगा. निघोजे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. देहू-आळंदीच्या पट्ट्यातले, खेड तालुक्यातले गाव. आमच्या लहानपणी तिकडे ज्वारी-बाजरीची रानेच होती. चाकणची एमआयडीसी टप्प्याटप्प्याने वाढत गेली, निघोजे-म्हाळुंगे-खराबवाडीच्या शिवारात २००९ साली फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राचा आला, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी लहानमोठी शेडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी राहिली. भाच्याचे शेड त्यांपैकीच एक. जाड पत्रा दाबून मोटारीच्या सांगाड्याचे भाग करतात.

खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा असते आणि त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडतात. भाचा म्हणाला, “मामा, या वर्षी तुम्ही याच. आमचं पाचशे टनांचं प्रेस बघा. गेली कित्येक वर्षं चालतंय, आणि त्याचा पंप बदललेला मला आठवत नाही.”

हे ऐकून मला जरा झोंबलेच. गेलो.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जी डोळ्यांत भरली ती यंत्र नव्हे, जमीन. प्रेसखालची फरशी हिरव्या रंगाने रंगवलेली आणि कोरडी. तेलाचा एक डाग नाही. आमच्या शेडमध्ये यंत्राखाली पोती अंथरलेली असतात. मी विचारले, तेव्हा तिथले फोरमनसाहेब हसले. म्हणाले, “काका, जमीन रंगवली ती शोभेसाठी नाही. थेंब पडला की दिसावा म्हणून रंगवली. पोत्यावर पडलेला थेंब तुम्हाला दिसेल का?”

मग त्यांनी हिशेब सांगितला. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसरात्रीत ८६,४०० थेंब होतात, म्हणजे चार लिटरांहून जास्त तेल. आणि तेल जिथून बाहेर येते तिथून यंत्र थांबल्यावर धूळ आत जाऊ शकते, हा त्याहून मोठा तोटा.

आता हे तेल एवढे करते तरी काय, ते सांगतो. तत्त्व जुने आहे. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला, की तो सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात फ्रान्समधल्या पास्कल नावाच्या विद्वानाने सांगितले. त्यावर लंडनच्या जोसेफ ब्रामा या कारागिराने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. एक चौरस सेंटिमीटरच्या लहान दट्ट्यावर १० किलो जोर लावा, शंभर चौरस सेंटिमीटरच्या मोठ्या दट्ट्यावर १,००० किलो उचलले जाते. फुकट काही नाही. लहान दट्ट्या शंभर सेंटिमीटर दाबावा तेव्हा मोठा एक सेंटिमीटर वर येतो. आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट, ट्रॉलीचा जॅक, जेसीबीचा हात, तोडणी यंत्राचे चाक, सगळी याच एका तत्त्वाची लेकरे.

भाच्याच्या प्रेसमध्ये तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला २५० किलोपर्यंत जातो. पाचशे टन जोर हवा तर दोन हजार चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या लागतो, म्हणजे साधारण अर्धा मीटर व्यासाचा. मोटारीच्या चाकातली हवा असते दोन-सव्वादोन किलोची. म्हणजे शंभरपटीहून जास्त. ही तुलना ऐकली आणि मला आमच्या यंत्राच्या घासलेल्या नळ्या आठवल्या. आम्ही त्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती.

प्रेस सुरू करण्याआधी काय करतात ते भाच्याने करून दाखवले. पूजा व्हायची होती, पण रोजचा क्रम चुकवायचा नाही, असे त्यांचे आहे. यंत्राला एक पुठ्ठा टांगलेला, त्यावर यंत्राचे चित्र आणि चित्रावर आकडे. ज्या क्रमाने आकडे त्याच क्रमाने माणूस यंत्राभोवती एक फेरी घालतो. टाकीच्या काचेत तेलाची पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे का. तेलाचा रंग काय. फिल्टरवरचा दर्शक हिरव्यात आहे की लाल झाला. नळ्यांचे सांधे ओलसर आहेत का. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर ओरखडा आहे का. मग पंप चालू करून नुसता आवाज ऐकायचा, यंत्राला काम न देता. मग दाबाचा काटा. मग आपत्कालीन थांबण्याचे बटण खरोखर दाबून बघायचे. सगळे मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत. शेवटी सही.

“सही कशाला? तूच तर बघतोस रोज,” मी म्हणालो.

“म्हणूनच, मामा. रोज बघणाऱ्यालाच दिसेनासं होतं.”

ही पद्धत जपानकडून आली, असे फोरमनसाहेबांनी सांगितले. मोटारींचे भाग करणाऱ्या निप्पॉनडेन्सो कंपनीने ती बसवली आणि १९७१ साली तिला त्यासाठी पारितोषिक मिळाले. तिचे सार असे, की यंत्र बिघडल्यावर दुरुस्त करणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा, ही वाटणी मोडायची. जो चालवतो त्यानेच पुसायचे, तेलपाणी करायचे आणि कुरकुर पहिल्यांदा ऐकायची. मला यात जपानी फारसे काही वाटले नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळणारा माणूस दुसरे काय करत होता? लोणी-हळद चोळता चोळता खांद्यावरची सूज हाताला लागायची. खांदेमळणीला आपण सण म्हटले, त्यांनी चेकशीट म्हटले. फरक एवढाच, की ते रोज करतात.

आता तेलाकडे येतो, कारण सगळे तिथेच आहे.

मी फोरमनसाहेबांना विचारले, “आम्ही तेल स्वच्छच भरतो. नव्या कॅनचं, फनेलला फडकं बांधून. मग कचरा येतो कुठून?” ते म्हणाले, “काका, पहिला कचरा तुमचं फडकंच.” फडक्याचा धागा, त्याचे तंतू तेलात जातात. शिवाय माणसाच्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. आणि पंपाच्या, व्हॉल्व्हच्या आत हलणाऱ्या भागांमधली फट कित्येक ठिकाणी दहा मायक्रॉनच्याही आत असते. म्हणजे जो कचरा यंत्र मारतो तो दिसतच नाही, आणि जो दिसतो तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कारखान्यातून आलेले सीलबंद बॅरलचे तेलसुद्धा या यंत्रांच्या मानाने पुरेसे स्वच्छ नसते. तिथे ते टाकीत थेट ओततच नाहीत, फिल्टर लावलेल्या छोट्या पंपगाडीतून भरतात. आपल्याला गाडी परवडणार नाही, पण गटातल्या चार यंत्रवाल्यांनी मिळून एक घ्यायला हरकत काय? या मुद्द्यावर मी गटसभेत बोलणार आहे.

दिसण्यासारख्या खुणाही आहेत, त्या मात्र कुणीही ओळखू शकतो. तेल ताकासारखे पांढुरके झाले तर पाणी शिरले आहे. फेस आला तर पंपाच्या ओढीच्या बाजूला कुठेतरी हवा घुसते आहे. काळे पडून करपल्यासारखा वास आला तर तेल तापून गेले आहे. तेल ८० अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले की ते स्वतःही बिघडते आणि रबराची सीलेही कडक होतात. तोडणी यंत्रात हे लवकर होते, कारण पाचट. पाचटाचा भुगा उडून तेल थंड करणाऱ्या कूलरच्या जाळीत बसतो. आमचा ड्रायव्हर जाळी समोरून हवेने साफ करायचा, त्यामुळे भुगा आणखी आत ठासला जायचा. हवा मारायची ती उलट्या बाजूने, कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर काढायचा. आणि हाच पाचटाचा भुगा तेलाने भिजून गरम सायलेन्सरपाशी साठला, की यंत्र पेट घेते. फडात पेटलेले यंत्र विझवायला ना पाणी असते ना वेळ. केबिनमध्ये आग विझवण्याचे नळकांडे असावे आणि त्याची मुदत संपलेली नसावी.

तेल बघायची वेळही ठरलेली असते. यंत्र सपाट जागेवर, हात व सिलिंडर पुस्तकात सांगितलेल्या स्थितीत, मगच पातळी बघायची. सिलिंडर बाहेर काढलेला असेल तर तेल त्याच्यात जाते, टाकी रिकामी दिसते, आपण वरून ओततो, आणि सिलिंडर आत घेतला की तेल उतू जाते. आमच्याकडे हे दोनदा झाले आणि दोन्ही वेळा आम्ही ‘गळतं आहे’ म्हणून मेकॅनिकला बोलावले.

निघोज्याच्या शेडात ठरावीक काळाने तेलाचा नमुना एका छोट्या स्वच्छ बाटलीत काढून प्रयोगशाळेला पाठवतात. यंत्र चालू असताना, तेल गरम असताना, दर वेळी त्याच ठिकाणाहून. त्यात पाणी किती, लोखंड किती, तांबे किती हे कळते. लोखंड वाढले तर अमुक भाग झिजतो आहे, तांबे वाढले तर तमुक. आपण माती परीक्षण करतो तसेच. आपण शेतकरी लोक मातीचा नमुना पाठवायला शिकायला किती वर्षे घेतली ते आठवले तर तेलाचा नमुना पाठवायला फार वेळ लागू नये.

तासांचे गणित हा दुसरा भाग. ट्रॅक्टर असो, पोकलेन असो, त्याची सेवा दिवसांवर नव्हे, तासांच्या मीटरवर चालते. रोजचे, म्हणजे साधारण दर १० तासांचे काम वेगळे: पिना ग्रीस करणे, पातळ्या, गळती. मग ५०, २५०, ५००, १,०००, २,००० तास असे टप्पे येतात. कोणत्या टप्प्याला कोणता फिल्टर आणि कधी तेल हे प्रत्येक यंत्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. ते पुस्तक बहुधा शोरूममधून आणल्या दिवशीच्या पेढ्यांच्या पुड्याबरोबर कपाटात ठेवलेले असते. नव्या यंत्राचा पहिला फिल्टर लवकर बदलावा लागतो, कारण नव्या भागांचा कीस आधी निघतो. हंगामात तोडणी यंत्र दिवसाला दहा-बारा तास चालले तर २५० तास तीन-साडेतीन आठवड्यांत भरतात. ‘दिवाळीला तेल बदललं’ या हिशेबाला काही अर्थ नाही.

आता नळ्या, आणि इथे मला जरा थांबून सांगायचे आहे.

गेल्या हंगामातच, पंपाच्या भानगडीच्या आधी, आमच्या यंत्रावरच्या एका पोराने गळती शोधायला चालू यंत्राच्या होज पाइपावरून तळहात फिरवला. धूर निघाल्यासारखे बारीक तुषार दिसत होते, कुठून निघतात ते कळत नव्हते. त्याला चटका लागल्यासारखे वाटले. बोटाच्या पेरावर बाभळीचा काटा टोचावा एवढीशी खूण. रक्तसुद्धा नाही. मला म्हणाला, “अण्णा, काही नाही, काटा टोचला.” धनुर्वाताचे इंजेक्शन आणि वेदनेची गोळी घेऊन तो कामाला लागला. रात्री बोट फुगले, पहाटे पंजा. पुण्याला नेले तेव्हा डॉक्टरांनी हात चिरून आत शिरलेले तेल धुऊन काढले. बोट वाचले, पण ते आता पूर्ण मिटत नाही. त्या हाताला कोयता धरता येत नाही.

टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून एवढ्या दाबाने निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते आणि आतल्या आत पसरते. बाहेरून खूण क्षुल्लक, आत नासाडी. ही जखम तासांची आहे, दिवसांची नाही. दुखत नसले तरी त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना स्वच्छ शब्दांत सांगावे, की दाबाचे हायड्रॉलिक तेल कातडीखाली गेले आहे. ‘काटा टोचला’ असे सांगू नये. गळती शोधायची तर लांबट पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, ओला होईल तिथे छिद्र. डोळ्यांना चष्मा. हात कधीही नाही. आणि गळणारा सांधा यंत्र चालू असताना पान्याने आवळायला जाऊ नये; आधी हात जमिनीवर टेकवायचा, इंजिन बंद, मग लिव्हर चारी दिशांना हलवून अडकलेला दाब सोडायचा, आणि मगच पाना.

होज पाइपावर त्याच्या बनावटीची तारीख व दर्जा छापलेला असतो. तो वाचायची सवय लावावी. वरचे रबर फाटून आतली तार दिसू लागली, फुगा आला, कुठे पीळ पडला किंवा दुसऱ्या लोखंडाला घासून चकाकी आली, तर ती नळी संपली असे समजावे. तालुक्याच्या गावी दहा मिनिटांत होज दाबून देणारी दुकाने आहेत, ती सोयीची आहेत. पण जुना तुकडा बरोबर नेऊन त्याच दाबाचा, त्याच तारांचा पाइप मागावा. नुसते ‘एवढ्या जाडीचा द्या’ म्हणू नये. आतून सारखे दिसणारे दोन पाइप निम्म्या-दुप्पट दाबाचे असू शकतात.

जेसीबीवाल्या सभासदांसाठी दोन शब्द. (जेसीबी हे त्या इंग्रज मालकाच्या नावातले आद्याक्षर आहे, यंत्राचे नाव खरे तर बॅकहो लोडर, पण आपल्याकडे पिवळे ते सगळे जेसीबी.) तळेगावला जेसीबीचा कारखाना आहे, चाकणला ह्युंदाईची पोकलेन बनतात, न्यू हॉलंडची ऊसतोडणी यंत्रेही चाकणचीच. म्हणजे सुटा भाग आणि जाणता माणूस आपल्याला दूर नाही. पण निवडणूक झाली की जेसीबीच्या बकेटमधून गुलाल उधळायचा, पंचवीस फुटी हार लटकवायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच यंत्र न धुता विहिरीच्या कामाला न्यायचे, हे मी डोळ्यांनी पाहतो. गुलालाची पूड कूलरच्या जाळीत आणि सिलिंडरच्या सीलच्या ओठावर बसते. मिरवणूक जरूर काढा, पण नंतर हवा मारा. पाण्याचा जोरदार फवारा मात्र सीलवर, वायरिंगवर किंवा टाकीच्या ब्रीदरवर धरू नये. यंत्र उभे करताना सिलिंडरचे दांडे शक्य तेवढे आत घ्यावेत. जे उघडे राहतील त्यांना ग्रीस चोपडावे. त्या चकचकीत मुलाम्याला गंजाचा एक खड्डा पडला तरी तो दर फेरीला सीलची कड कापतो.

आणि उचललेल्या ट्रॉलीखाली, उचललेल्या बकेटखाली केवळ तेलाच्या भरवशावर कुणी शिरू नये. ट्रॉलीला लोखंडी टेकू असतो तो लावल्याशिवाय खाली डोके घालायचे नाही. निघोज्याच्या प्रेसमध्ये साचा बदलताना वरचा भाग तेलावर ठेवत नाहीत, मध्ये लोखंडी ठोकळा ठेवतात, आणि तो ठोकळा काढून पुन्हा त्याच्या जागी ठेवल्याशिवाय यंत्र सुरूच होणार नाही अशी विजेची साखळी आहे. तिथे पाचशे टनांच्या यंत्रावर इतका अविश्वास, आणि आपण पाच टनांच्या ट्रॉलीखाली विडी पेटवतो.

आता थोडे आपल्या सर्वांच्या मालकीच्या यंत्राविषयी. कारखान्यातला ऊस उतरवणारा टिप्लर हायड्रॉलिक असतो हे आपण वाहनाच्या रांगेत उभे राहून पाहतो. पण खरे हायड्रॉलिक दिसत नाही, ते मिलमध्ये असते. मिलच्या वरच्या रोलरवर दोन्ही टोकांना तेलाच्या दाबाने भार दिलेला असतो. उसाचा थर कधी जाड येतो कधी पातळ. जाड आला की रोलर किंचित वर उचलला जातो, पातळ आला की खाली येतो, आणि दाब मात्र सारखा राहतो. हा दाब सांभाळायला नायट्रोजन वायू भरलेल्या बाटल्या असतात, अॅक्युम्युलेटर म्हणतात. आतल्या रबरी पिशवीतला वायू स्प्रिंगसारखे काम करतो. त्यात नायट्रोजनच भरायचा. प्राणवायू किंवा साधी हवा तेलाशी मिळाली तर स्फोट होऊ शकतो. पिशवी फाटली वा वायू कमी झाला, की रोलर धक्के खातो. दाब पडला, की रस बगॅसमध्ये राहतो.

राहिलेल्या रसाची किंमत काढून पाहू. हिशेब कच्चा आहे. उसात शंभराला १३ भाग साखर धरा. मिलने त्यातली ९५ टक्के काढायची ती ९४ टक्केच काढली, तर टनामागे सव्वा किलोहून थोडी जास्त साखर बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जळाली. दिवसाला पाच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्यात ती ६५ क्विंटल होते. पुढच्या प्रक्रियेतली घट वजा केली तरी आकडा लहान नाही. उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे, म्हणजे ही साखर सभासदाच्याच खिशातली. शिवाय ओला बगॅस बॉयलरमध्ये नीट जळत नाही तो तोटा वेगळा. म्हणून बंद हंगामात मिलची सीले, बाटल्या, दाबाचे काटे तपासण्यावर झालेला खर्च अहवालात दिसला तर वार्षिक सभेत त्यावर टीका करण्यापूर्वी हा हिशेब करावा. आणि तो खर्च अहवालात दिसला नाही, तर मात्र उठून जरूर विचारावे. मी विचारणार आहे.

राज्य सरकारने २०२३ साली ऊसतोडणी यंत्रासाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते अनुदान देण्याची योजना काढली. मजूर मिळेनासे झाल्यामुळे पुढेही यंत्रे वाढणारच. यंत्र कोटीच्या घरातले, त्यावर कर्ज, आणि ते चालवणारा पोर दिवसाच्या मजुरीवर. त्या पोराला शिकवायला मात्र कुणी अनुदान मागत नाही. आम्ही या वर्षी आमच्या दोघांना निघोज्याला भाच्याकडे आठवडाभर ठेवून घेतले. त्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च एका होज पाइपाएवढाही आला नाही.

यंत्राचे म्हणाल तर उन्हाळ्यात सगळे तेल काढून टाकी उघडून पुसली, नळ्या धुतल्या, फिल्टर बदलले, ब्रीदर नवा घेतला आणि तो साखळीने टाकीला बांधला. केबिनमध्ये दोरीने एक वही टांगली आहे. पहिली पाच पाने ‘सर्व ठीक’ अशीच भरली, तेव्हा मला संशय आला आणि मी दोघांना जरा बोललो. परवाच्या पानावर ज्याचे बोट मिटत नाही त्या पोराच्या अक्षरात नोंद आहे: ‘डाव्या बाजूची खालची नळी पत्र्याला घासते. तार दिसत नाही. पुठ्ठा लावून बघितले, कोरडे आहे.’ नळी मागवली आहे. मोळी पडायच्या आत बसवून होईल.